संगणकाचे अदृश्य राखणदार आणि त्यांची रोजकीर्द

संगणकावर आपण एखादे पत्र टाइप करत असतो, तेव्हा यंत्र फक्त आपलेच काम करत आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच वेळी त्याच्या आत कितीतरी प्रोग्रॅम चालू असतात. एक घड्याळाकडे लक्ष ठेवून ठरल्या वेळी ठरलेले काम सुरू करतो, दुसरा छपाईची कामे रांगेत लावतो, तिसरा दूरच्या संगणकाकडून कोणी हाक मारते का याची वाट पाहत बसतो. यांतले कोणीही पडद्यावर दिसत नाही. मात्र प्रत्येक जण आपण काय केले याची नोंद ठेवत असतो.

युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशा प्रोग्रॅमना 'डीमन' म्हणतात आणि त्यांच्या नोंदींना 'लॉग'. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे, म्हणजे असे राखणदार आपल्यापैकी अनेकांच्या खिशातही आहेत. ते कसे जन्मले, त्यांना वही लिहिण्याची शिस्त कशी लागली आणि त्या वहीवरून कोणते वाद झाले, हे या लेखात पाहू या.

राक्षस नव्हे, राखणदार

डीमन हे नाव आले भौतिकशास्त्रातून. डिसेंबर १८६७ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने आपला मित्र पीटर टेट याला लिहिलेल्या पत्रात एक कल्पना मांडली. वायूने भरलेल्या पेटीचे मधल्या पडद्याने दोन भाग केले आहेत. पडद्याला एक छोटे दार आहे. दारावर बसलेला एक चिमुकला जीव वेगवान रेणू आले की त्यांना एका बाजूला जाऊ देतो आणि मंद रेणूंना दुसऱ्या बाजूला. काही वेळाने एक बाजू तापेल, दुसरी थंड होईल, आणि तेही बाहेरून काहीच कार्य न करता! उष्मागतिकीचा दुसरा नियम हा संख्याशास्त्रीय स्वरूपाचा आहे, हे दाखवण्यासाठी मॅक्सवेलने हा जीव कल्पिला होता. त्याला 'डीमन' हे नाव मात्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने १८७४ मध्ये दिले.

या शब्दाचे भाषांतर आपण सहज 'राक्षस' असे करतो. पण मूळ ग्रीक कल्पनेतला हा जीव दुष्ट नाही. तो देव आणि माणूस यांच्यामध्ये वावरणारी एक शक्ती आहे. कोकणात आणि गोव्यात गावाची सीमा सांभाळणारा, कोणाला न दिसणारा 'राखणदार' मानतात. डीमनचा अर्थ त्याच्या अधिक जवळ जातो.

हा शब्द संगणकात आणला तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने. कॉर्बातो मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांच्या गटाने 'सीटीएसएस' या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, आणि यंत्राने प्रत्येकाला आळीपाळीने क्षणभर वेळ द्यायचा, ही तिची मुख्य कल्पना होती. त्याआधी संगणक एका वेळी एकच काम हाती घेई आणि ते संपवूनच पुढचे उचले. अनेक माणसे एकत्र काम करू लागल्यावर, जे कोणा एकाचे नाही पण सर्वांसाठी करावे लागते, असे काम निर्माण झाले. सर्वांच्या फाइलींची प्रत चुंबकीय फितीवर उतरवून ठेवणे हे असेच काम होते. १९६३ च्या सुमारास आयबीएम ७०९४ या यंत्रावर ते न थकता, न सांगता करणाऱ्या प्रोग्रॅमला कॉर्बातो यांच्या गटाने गमतीने 'डीमन' म्हटले, आणि ते नाव टिकले.

पोरके होण्याची युक्ती

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. चालू असलेल्या प्रोग्रॅमला युनिक्समध्ये 'प्रोसेस' म्हणतात. नवी प्रोसेस जन्माला घालण्याची एकच रीत तिथे होती. जुनी प्रोसेस 'फोर्क' नावाची आज्ञा देऊन आपली हुबेहूब प्रत काढते. मूळ प्रोसेस पालक आणि प्रत ही तिचे मूल. प्रत्येक प्रोसेसला क्रमांक असतो. पहिल्या क्रमांकाची प्रोसेस 'इनिट'. बाकी सर्वांची वंशावळ तिच्यापर्यंत जाऊन पोचते.

आता एक अडचण पाहा. त्या काळी माणसे यंत्रापासून दूर, टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या टर्मिनलवर बसून काम करत. फोन बंद झाला की त्या टर्मिनलवरून सुरू केलेल्या सर्व प्रोसेसना 'हँगअप', म्हणजे 'फोन ठेवला', असा संकेत मिळे आणि त्या थांबत. सर्वसाधारण कामासाठी हे योग्यच होते. पण राखणदाराने मालक घरी गेला म्हणून पहारा सोडून कसे चालेल?

त्यावरची युक्ती मोठी चतुर आहे. प्रोसेस फोर्क करून मूल जन्माला घालते आणि स्वतः लगेच संपते. मूल पोरके होते. युनिक्सच्या नियमानुसार पोरक्या प्रोसेसचे पालकत्व पहिल्या क्रमांकाच्या इनिटकडे जाते. मग ते मूल आपल्या टर्मिनलशी असलेले नाते तोडते आणि पुष्कळदा पुन्हा एकदा फोर्क करते, म्हणजे चुकूनही पुन्हा एखाद्या टर्मिनलशी बांधले जाऊ नये. शेवटी ते मूळ डिरेक्टरीत जाऊन बसते, कारण एरवी ज्या डिस्कवर ते उभे असेल ती डिस्क कोणाला काढून घेता येणार नाही. झाला डीमन तयार.

पण टर्मिनलशी नाते तोडले म्हणजे बोलण्याची जागाही गेली. आता काही बिघडले तर हा कोणाला सांगणार? लॉगची गरज नेमकी इथे निर्माण झाली.

ओंडक्यापासून नोंदवहीपर्यंत

'लॉग' म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा मागे पाण्यात टाकत. तो पाण्यात जवळजवळ स्थिर राही आणि जहाज पुढे जाई तशी दोरी सुटत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूच्या घड्याळाने २८ सेकंद मोजायचे आणि तेवढ्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते पाहायचे. दोन गाठींमधले अंतर सुमारे १४.४ मीटर ठेवले, तर गाठींची संख्या हाच ताशी सागरी मैलांतला वेग होतो. (सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. ताशी एक सागरी मैल या वेगाने २८ सेकंदांत किती अंतर कापले जाते, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.) हा आकडा ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. पुढे त्या वहीत हवामान, दिशा आणि जहाजावरच्या घटनाही लिहिल्या जाऊ लागल्या.

संगणकाच्या लॉगला शिस्त लावली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात एरिक ऑलमन यांनी. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते 'सेंडमेल' हा ई-मेल पोचवणारा डीमन लिहीत होते. टपालाच्या कामात नोंदीला किती महत्त्व असते ते आपण जाणतोच. पत्र पोचले नाही तर ते कुठपर्यंत गेले होते, हा पहिला प्रश्न असतो. त्या वेळी प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या मर्जीप्रमाणे, आपल्याच फाइलीत नोंदी करत असे. ऑलमन यांनी नोंदी लिहिण्याचे काम करणारा वेगळा डीमनच तयार केला. तो 'सिसलॉग'. बाकीच्यांनी फक्त त्याच्याकडे निरोप द्यायचा. कोणता निरोप कोणत्या वहीत लिहायचा, कोणता दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे सिसलॉग ठरवणार. शाळेत आवक-जावक नोंदवही एकाच कारकुनाकडे असावी, तसे हे झाले.

प्रत्येक निरोपावर दोन गोष्टी नोंदवलेल्या असतात. निरोप कोणत्या खात्याकडून आला आणि तो किती गंभीर आहे. गांभीर्याच्या पायऱ्या आठ. ० म्हणजे यंत्र निकामी होण्याची वेळ आली आहे, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे नुसती माहिती आणि ७ म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या उपयोगाचा बारीक तपशील. खात्यांनाही क्रमांक आहेत. ० ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, २ टपाल, ४ सुरक्षा. या दोन्हींची मिळून एकच संख्या करतात. खात्याच्या क्रमांकाला ८ ने गुणायचे आणि गांभीर्य मिळवायचे. टपाल खात्यातल्या चुकीसाठी २ × ८ + ३ = १९. उलट जाताना ८ ने भागायचे, म्हणजे भागाकार खाते सांगतो आणि बाकी गांभीर्य. आठच का? कारण द्विमान पद्धतीत तीन अंकांत बरोबर ० ते ७ एवढेच आकडे बसतात.

ही पद्धत इतकी सोयीची ठरली, की कोणी औपचारिक मानक न ठरवताच ती सगळीकडे पसरली. तिचे वर्णन अधिकृत दस्तऐवजात आले ते ऑगस्ट २००१ मध्ये. तिच्यातल्या उणिवाही तोपर्यंत उघड झाल्या होत्या. नोंदीत महिना, दिवस आणि वेळ असे, पण साल नसे! दुसऱ्या यंत्राकडे निरोप जाई तो पोचपावती न घेता टाकलेल्या पोस्टकार्डासारखा. वाटेत हरवला तर कोणालाच कळत नसे. शिवाय निरोप देणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय नव्हती. मार्च २००९ मध्ये आलेल्या नव्या मानकात साल आणि वेळेचा पट्टा यांना जागा मिळाली.

पाऊणशे सेंट

लॉग लिहिला म्हणजे काम संपले असे नाही. तो कोणी वाचला तर उपयोग. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ऑगस्ट १९८६ मधले आहे. बर्कलीतल्याच लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ संगणकाची देखभाल करू लागले होते. संगणक किती वापरला त्याचा हिशेब तिथे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम ठेवत. महिन्याच्या शेवटी दोन्ही हिशेबांत ७५ सेंटचा फरक आला. रक्कम क्षुल्लक. पण कीर्द आणि खतावणी जुळत नसेल तर फरक एका पैशाचा आहे की हजाराचा हे जाणता हिशेबनीस पाहत नाही. स्टोल यांनी माग काढला. ज्याच्या नावावर बिल पाठवायचा पत्ताच नाही, असा कोणी तरी यंत्र वापरून गेला होता.

हा माणूस आत शिरला कसा, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या यंत्रावर घड्याळ सांभाळणारा डीमन दर पाच मिनिटांनी एक छोटा प्रोग्रॅम सर्वाधिकारासह चालवत असे. 'ईमॅक्स' या संपादन प्रोग्रॅमबरोबर आलेल्या एका साधनात उणीव होती. तिचा फायदा घेऊन घुसखोराने त्या छोट्या प्रोग्रॅमच्या जागी स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला. पाच मिनिटांच्या आत इमानी डीमनने तो नेहमीप्रमाणे चालवला आणि घुसखोराला यंत्राचे सर्व अधिकार मिळाले. मग त्याने मूळ प्रोग्रॅम परत जागेवर ठेवून दिला. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि कावळा ते उबवतो, तसाच हा प्रकार. स्टोल यांनी या प्रकरणावर १९८९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावही त्यावरूनच आहे.

सर्वाधिकार हाती असलेला माणूस यंत्रावरचे लॉगही पुसू शकतो. म्हणून स्टोल यांनी यंत्रात येणाऱ्या तारांनाच छपाईयंत्रे जोडली. घुसखोर जे टाइप करी ते यंत्राबाहेर कागदावर उमटत जाई. त्याला ते दिसतही नव्हते आणि खोडताही येत नव्हते. अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर माग पश्चिम जर्मनीतल्या हानोव्हर शहरात मार्कुस हेस याच्यापर्यंत पोचला. अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती शोधून ती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकण्याचे हे प्रकरण होते. १९९० मध्ये हेस आणि त्याचे साथीदार दोषी ठरले. ज्याच्या वागण्याची नोंद ठेवायची त्याच्याच ताब्यात नोंदवही असू नये, हा त्यातला धडा आजही पाळला जातो. मोठ्या संस्था आपले लॉग लगोलग दुसऱ्या यंत्रावर पाठवतात ते याच कारणाने.

वही भरली तर?

राखणदार रात्रंदिवस लिहीत राहिला तर डिस्क भरणारच, आणि भरली की नोंदीच काय, बाकीची कामेही अडतात. म्हणून ठरावीक मुदतीने चालू वही बाजूला ठेवायची, नवी उघडायची, जुन्या वह्या आकुंचित करून ठेवायच्या आणि सर्वांत जुनी नष्ट करायची, अशी पद्धत आली. लिनक्सवर हे काम करणारा 'लॉगरोटेट' हा प्रोग्रॅम १९९० च्या दशकात रेड हॅट या कंपनीत तयार झाला.

यात एक गंमत आहे. युनिक्समध्ये फाइल आणि तिचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीमन एकदा फाइल उघडून बसला की त्याने फाइल धरलेली असते, नाव नव्हे. फाइलीचे नाव बदलले तरी तो त्याच फाइलीत लिहीत राहतो. इतकेच नव्हे, फाइल पुसून टाकली तरी डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी केले तरी तो वर्गात बाकावर बसलेलाच असावा, तसे हे आहे. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल पुसावी आणि जागा मात्र तेवढीच भरलेली दिसावी, हा अनुभव नवशिक्यांना हमखास येतो.

मग डीमनला नवी वही घ्यायला सांगायचे कसे? इथे तो जुना 'फोन ठेवला' हा संकेत कामी आला. डीमनला टर्मिनलच नसल्याने हा संकेत त्याच्यासाठी निरर्थक होता. म्हणून त्याला नवा अर्थ देण्यात आला: 'जुनी वही मिटा, नवी उघडा आणि तुमच्या सूचना पुन्हा वाचा.' टेलिफोनच्या तारा गेल्या, पण त्यांचा संकेत असा मागे राहिला आहे.

लिनक्स आणि एक मोठा वाद

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. डीमन, इनिट आणि सिसलॉग ही परंपरा लिनक्सने युनिक्सकडून जशीच्या तशी उचलली. तिच्यातला एक दोषही बरोबर आला. डीमन मुद्दाम पोरका झालेला असतो, त्यामुळे तो जिवंत आहे की नाही हे त्याला सुरू करणाऱ्याला कळत नाही. यावर उपाय म्हणून डीमन आपला क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवी. पण तो मेला आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्या प्रोसेसला मिळाला तर? डीमनला थांबवायला जावे आणि भलत्याच प्रोसेसचा बळी जावा, असे होऊ शके.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'डीमनटूल्स' या संचात साधा मार्ग दाखवला. डीमनने पोरके व्हायचेच नाही. पालक प्रोसेसने जिवंत राहून त्याच्यावर लक्ष ठेवायचे. मूल मेले की गाभा पालकाला कळवतोच. मग पालक त्याला पुन्हा सुरू करील. डीमनने आपले बोलणे सरळ पालकाने जोडून दिलेल्या नळीत टाकायचे, म्हणजे लॉगही आपोआप होईल.

हाच विचार पुढे नेऊन एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी 'सिस्टिमडी' या नव्या पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसची कल्पना जाहीर केली. ती त्यांनी के सीव्हर्स यांच्याबरोबर आखली होती. प्रोसेसचे गट करून त्यांवर नजर ठेवण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये आली होती. तिच्यामुळे डीमनची मुले-नातवंडे कितीही झाली तरी त्यांचा हिशेब लागू लागला. नोव्हेंबर २०११ मध्ये या प्रणालीची स्वतःची नोंदवही आली. तिचे नाव 'जर्नल'. निरोप कोणत्या प्रोसेसने दिला हे तिच्यात गाभ्याकडूनच खात्री करून लिहिले जाते. त्यामुळे खोटे नाव सांगणे अवघड झाले. वहीने किती जागा घ्यायची याची मर्यादाही तिच्यातच घालता येते.

पण वाद पेटला. सिसलॉगची वही साधा मजकूर असते, कोणत्याही साधनाने वाचता येते. जर्नलची फाइल द्विमान स्वरूपात असते. ती वाचायला तिचाच प्रोग्रॅम लागतो. तीस वर्षांनी तो प्रोग्रॅम मिळाला नाही तर? फाइल मध्येच बिघडली तर? शिवाय एकाच प्रणालीने इतकी कामे आपल्याकडे घ्यावीत का? प्रत्येक साधनाने एकच काम नीट करावे, ही युनिक्सची जुनी शिकवण आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की अनुक्रमणिका नसलेल्या लाखो ओळींत हवी ती ओळ शोधणे हेही वाचता न येण्यासारखेच आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. काही जणांनी वेगळे होऊन 'देवुआन' हे वितरण काढले. बहुतेक मोठी वितरणे मात्र सिस्टिमडीकडे गेली.

अर्धा सेकंद

वाद कोणाच्याही बाजूने सुटला तरी वही वाचणाऱ्या डोळ्यांची गरज संपत नाही, हे मार्च २०२४ मध्ये पुन्हा दिसले. दूरच्या संगणकाला सुरक्षितपणे आत घेणारा 'एसएसएचडी' हा डीमन आहे. आपण तयार झालो हे सिस्टिमडीला कळवण्यासाठी काही वितरणांनी त्याला सिस्टिमडीचे एक जोडसाधन लावले होते. त्या साधनाबरोबर 'एक्सझेड' नावाचे आकुंचनाचे साधनही आत येत असे. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणी तरी दोनेक वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला आणि एक्सझेडमध्ये चोरदरवाजा घातला. आपल्या प्रवेशाची लॉगमधली नोंद दडपण्याची सोयही त्यात होती.

म्हणजे वही या वेळी उपयोगी पडणार नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रॅमर दुसऱ्याच कामासाठी यंत्राचा वेग मोजत होते. एसएसएचडीला जिथे ०.३ सेकंद लागावेत तिथे ०.८ सेकंद लागत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते 'असेल काही तरी' म्हणून सोडले नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी चोरदरवाजा जाहीर केला, तेव्हा तो बहुतांश चाचणी-वितरणांपर्यंतच पोचला होता. जगभरातल्या असंख्य यंत्रांवरचे संकट टळले. १९८६ मध्ये पाऊण डॉलर आणि २०२४ मध्ये अर्धा सेकंद: दोन्ही वेळी फरक क्षुल्लक होता आणि दोन्ही वेळी तो कोणी तरी मनावर घेतला.

भारतातही लॉगला आता कायद्याचे बळ आहे. संगणक-सुरक्षेसाठीच्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशानुसार संस्थांना आपल्या यंत्रणांचे १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळेही प्रमाणवेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळे जुळली नाहीत तर दोन यंत्रांवरच्या नोंदींत आधी काय आणि नंतर काय घडले, हेच सांगता येणार नाही.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर चालू प्रोसेसची यादी काढून, पालकाचा क्रमांक १ असलेल्या प्रोसेस किती, हे मुलांना मोजायला सांगावे. नावाच्या शेवटी 'डी' हे अक्षर किती जणांच्या आहे तेही पाहावे. संगणक नसला तरी अडत नाही. वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांनी आठवडाभर एकमेकांना न विचारता एकाच गोष्टीची, उदा. दररोजच्या कमाल तापमानाची किंवा फाटकातून येणाऱ्या सायकलींची, नोंद ठेवावी. शनिवारी दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. आकडे बहुधा तंतोतंत जुळणार नाहीत. तो फरक कुठून आला, याचा शोध वर्गाने मिळून घ्यावा.